शेवटच्या पेटीतले घड

सहकारी संस्थेच्या खिडकीपुढच्या रांगेत निवृत्त मास्तरांनी पुस्तक उघडलं होतं खरं, पण त्यांचे कान पुढच्या दोघांकडे होते. दोघांच्या द्राक्षबागा एकमेकींना लागून होत्या.

“वहिनी, तुम्हाला कशाला बोलावलंय?”

“माझी एक पेटी परत आली, भाऊजी. घडांवर औषध सापडलं. स्टिकर स्कॅन केला की थेट माझीच बाग दिसते म्हणे.”

“तुम्ही तर फवारणी कधीच थांबवली होती.”

“तेच सांगायचंय. नाही पटलं, तर यंदा माझा माल परदेशी जाणार नाही.”

“पेटी कुठली?”

“शेवटची. अर्धी राहिली होती, तुम्ही तुमचे घड घालून भरून दिलीत ती.”

“एकमेकांच्या पेट्या आपण वर्षानुवर्षं भरतो.”

“भरतोच की. पण आता पेट्या बोलायला लागल्या.”

“त्या आठवड्यात मी फवारलं होतं, वहिनी.”

“वास आला होता मला.”

“मग माझं नाव सांगणार?”

“मदतीला आलेल्या माणसाचं नाव घेऊ होय?”

“मग सांगणार काय?”

“माहीत नाही म्हणेन. सरका पुढे, रांग हलली.”

खिडकीतल्या मुलीने वहिनींना हाक मारली. भाऊजी त्यांच्या आधी पुढे झाले.

“त्या पेटीतले वरचे घड माझ्या बागेतले आहेत, मॅडम. लिहून घ्या.”

“काका, तुमचा सगळा माल अडकेल. आणि तुमचा नंबर अजून यायचाय.”

“तोवर माझा धीर सुटेल. आत्ताच लिहा.”