बोलण्याचा सराव

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो, इकडे बस माझ्यासमोर. हं, आता तू बोलायचं. संस्थेतल्या ताईंनी मघाशीच बजावलंय मला, 'मावशी, परमुलखातून नव्यानं आलेल्यांना इथल्या भाषेत बोलतं करायला तुम्ही इथं येता, आज तरी तिला बोलू द्या' — म्हणजे जसं काही मी कुणाला बोलूच देत नाही! देते की. तूच सांग, देते ना? — बघ, देते. उद्या शाळेत मोठ्या बाईंना भेटायचंय तुला, एवढी हुशार लेक तुझी, तिकडे पाचवीत होती आणि इथं तिला तिसरीतल्या पोरांत बसवलीय, का, तर इथली भाषा अजून नीट येत नाही म्हणून — आणि गणितं तर चुटकीसरशी सोडवते पोरगी! ते तू सांगायचंस. मी येणार होते सोबत, पण ताई नको म्हणाल्या, का कोण जाणे.

बरं, समजा मीच मोठ्या बाई. 'या, बसा, काय काम काढलंत?' — अशा बोलतात त्या, चष्म्यावरून बघत, आणि समोरच्याला तोंड उघडू देत नाहीत — काही बायकांना सवयच असते बघ, आपलंच दळण दळत बसायचं! माझी लेक मला म्हणते — जाऊ दे, ती कामात असते, फोन केला की 'आई, नंतर बोलू', आणि ते नंतर काही येत नाही. मग मी फ्रीजशी बोलते. हसतेस काय, तो निदान गुरगुरतो तरी! इथं यायचं असलं की सकाळपासून तयार होऊन बसते मी — म्हणजे तुझ्यासाठीच गं, नाहीतर घरी कामं थोडी का आहेत मला! — तर मोठ्या बाई म्हणतील, 'नियम म्हणजे नियम', तू मान खाली घालशील, मी ओळखते ना तुला, आणि मग त्या—

अगंबाई! टेबलावर काय हात आपटतेस? सांडलं की सगळं पाणी!

काय म्हणालीस? 'तुम्ही थांबा, आता मी बोलणार' — अश्शी! अशीच म्हण उद्या! आवाजही हाच ठेव, फक्त टेबल जरा — हो. हो, थांबते. लेकीबद्दल सांगायचंय ना, सांग, पहिल्यापासून सांग, मला कसली घाई, घरी कोण वाट बघतंय — हो गं बाई. हे बघ, मिटलं तोंड.