दादा म्हणला, अगदी बरोबर

आम्ही परभणीकडचे, गावाबाहेरच्या वस्तीतले, आता गावाबाहेरची वस्ती म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. वस्तीतला पहिला इंजिनियर मिलिंददादा, आमच्या समोरच्या घरातला, आणि मी इतिहास शिकले ती त्याच्यामुळं. सुट्टीत आला की आम्हा पोरापोरींना जमवून अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं सांगायचा, गुलामी संपली पण हक्क कुणी दिले नाहीत, मग त्यांच्यातले पहिले कॉलेजात शिकलेले लोक पुढं झाले, वकील, शिक्षक, पेपर काढणारे, धमक्या आल्या तरी आपल्या माणसांच्या वतीनं बोलले. दादा म्हणायचा, शिकलेला माणूस एकट्यासाठी शिकत नसतो. काय सांगू तुम्हाला, अंगावर काटा यायचा.

त्याच लोकांवर मी पीएचडी केली, सरकारी स्कॉलरशिपवर, आणि आता इथं सिंगापूरला युनिव्हर्सिटीत संशोधन करते, बुकित बातोकला खोली घेऊन राहते. दादा आधीपासून इथं, मोठा मॅनेजर, नोव्हेनासारख्या महागड्या भागात कॉन्डो, म्हणजे गेटवर पहारा असलेल्या सोसायटीतला फ्लॅट. खोटं कशाला बोलू, एअरपोर्टवर मला घ्यायला आला होता. पण टॅक्सीतच म्हणला, आपण एका वस्तीतले हे इथं कुणाला सांगू नकोस, मी आडनाव बदललंय, माझ्या पोरीला पण माहीत नाही. मला वाईट वाटलं, पण मी बरं म्हणले. पुण्यात नोकरीला असताना भाड्याची खोली मिळवायला त्यानं काय काय ऐकलं होतं ते मला ठाऊक होतं.

मग त्यानंच कॉन्डोच्या हॉलमध्ये मराठी मंडळींसमोर माझं भाषण ठेवलं. मी त्या शिकलेल्या काळ्या लोकांबद्दल बोलले, त्यांच्यातल्या भांडणांबद्दल पण, कुणी म्हणे आधी हातात कसब घ्या, हक्काचं नंतर बघू, कुणी म्हणे मताचा हक्क आजच पाहिजे. टाळ्या पडल्या. मग एक गृहस्थ उठले, म्हणाले, त्या लोकांनी खरंच सोसलं हो, आपल्याकडं मात्र सवलतीवर शिकतात आणि गुणवत्तेची वाट लावतात, काय मिलिंद, बरोबर ना?

मी दादाकडं बघितलं. दादा हसला. म्हणला, अगदी बरोबर.

गप्प बसला असता ना, तरी मी समजून घेतलं असतं, गप्प तर मी पण बसलेच होते की त्याच्यासाठी. पण हा हसला. मी माइक घेतला आणि म्हणले, मी त्याच सवलतीवर शिकले, आत्ता टाळ्या वाजवल्यात त्या मलाच. त्याचं नाव घेतलं नाही. सगळे खाली बघायला लागले. दादा म्हणला, मॅडम, विषयावर या. मॅडम! मला कडेवर घेऊन फिरलेला माणूस.

लिफ्टपाशी मागून आला, म्हणला, तू माझी पंचाईत केलीस, मला इथं राहायचंय. मी म्हणले, दादा, आम्हाला शिकवलंस ते मग खोटं होतं का? तर म्हणला, तेव्हा गमवायला काही नव्हतं गं. लिफ्ट आली, मी आत गेले, तो बाहेरच राहिला.

त्यानंतर त्याचा फोन नाही, माझा पण नाही. माझं काम चालू आहे, आता कुठंही बोलायला उभी राहिले की आधी वस्तीचं सांगते, मग विषयाचं. राग आहे, जात नाही. तरी त्याला सुखात राहू दे, त्याच्या पोरीला भरपूर शिकू दे. परवा गावाकडून त्याच्या आईचा फोन आला, म्हणल्या, जातीस ना गं त्याच्याकडं जेवायला? मी हो म्हणले. म्हणल्या, मग मला घोर नाही बाई, परक्या मुलखात आपलं माणूस आहे तुला.