‘सोड’ म्हणेपर्यंत

अकेवाई : आजवर माझ्या छातीला कुणी कान लावला नाही, आणि आता या दवाखान्यात सख्खी नात लावणार. ये, लाव एकदाचा.

पुरूआ : कुणी नाही कसा? तेरिई लावायचा की!

अकेवाई : तो ऐकायला नाही लावायचा गं, झोपायला लावायचा. दोन मिनिटांत घोरायचा.

तेकुरा : आजी, आजोबांच्या गोष्टी नंतर. वय सांग. त्र्याहत्तर ना?

पुरूआ : चौऱ्याहत्तर. माझ्याहून वर्षानं मोठी. वयात तरी तिला पुढे राहू दे, बुडी मारण्यात कधी नव्हती.

अकेवाई : ऐकलंस? म्हणून तुकाओ गावच्या बायकांना मी घरात घेत नाही. तुझी तपासणी झाली ना पुरूआ? मग जा की घरी.

पुरूआ : बसते इथेच. बाहेर ऊन आहे.

तेकुरा : पुरूआ आजी, बसा, पण गप्प बसा. आणि आजी, उद्या दोन वर्षांची बंदी उठून लगूनचं खारं तळं मोत्यांच्या शिंपल्यांसाठी उघडणार, सगळं मनिहिकी बेट काठावर येणार. पहिली बुडी सर्वांत वडील बाईची, हे मला मान्य. पण यंदा साठीच्या पुढच्यांना माझी सही लागते. बेटसमितीनं ठरवलंय.

अकेवाई : समितीतल्या निम्म्यांना पोहायला मी शिकवलंय.

तेकुरा : म्हणून तर त्यांना तुझी काळजी.

अकेवाई : तेकुरा, लगून बंद झालं त्या दिवशी तुझे आजोबा होते. आमच्या होडीत होते. म्हणाले, उघडेल तेव्हा मी असेन-नसेन, पहिला शिंपला तूच वर आण. मी हो म्हटलं. आता तू सही नाही म्हणालीस, तर मी त्यांना काय सांगू?

तेकुरा : अजून मी काही म्हटलंच नाही. हात दे. नाडी... चौसष्ट. छान. हे बघ, सोपं आहे. फुप्फुसं हवा घेतात. रक्त तिथे जाऊन ती उचलतं आणि हृदयाकडे येतं. हृदय ते नळ्यांमधून पार बोटांच्या टोकांपर्यंत ढकलतं. मळकं रक्त परत येतं, पुन्हा फुप्फुसांकडे जातं. तिघांपैकी एक चुकला की तिघांचं चुकतं.

अकेवाई : म्हणजे बुडी मारणारा, दोर, आणि होडीत दोर धरणारा.

तेकुरा : अं... हो. अगदी तसंच.

अकेवाई : मग हे शिकायला एवढ्या लांब आणि इतकी वर्षं कशाला गेलीस? किती उकडतंय इथे! तो टॉवेल भिजवून दे, तोंडावर टाकते.

तेकुरा : घे. अशी आडवी हो. आता खोल श्वास घे. अजून. हं, आता धर. मला ठोके ऐकू देत.

पुरूआ : तुझ्या आजोबांच्या कानापेक्षा थंड लागत असेल ना गं तिला ती नळी?

तेकुरा : पुरूआ आजी!

पुरूआ : राहिलं. मी आपली नारळ खाते. तुला हवा?

तेकुरा : नको. श्शू... हे काय? ठोके मंद होतायत. छप्पन्न. थांबा हं... पन्नास.

पुरूआ : मंद म्हणजे चांगलं की वाईट?

तेकुरा : एवढ्या भराभर उतरायला नकोत. सेहेचाळीस. आजी, हात बघू तुझा. अरे देवा, गार पडलाय. नखं पांढरी. मघाशी चांगला ऊबदार होता.

पुरूआ : आणखी उतरले का?

तेकुरा : बेचाळीस! पुरूआ आजी, हे ठीक नाही. हृदय थकलंय तिचं, हातापायांना रक्तच पोचत नाहीये. मी सही नाही करू शकत. कशी सांगू मी तिला? बघा, एक शब्द बोलत नाहीये. रागावलीय.

पुरूआ : म्हणजे पहिली बुडी माझी?

तेकुरा : तुमचं सगळं उत्तम आहे. तुमचीच.

पुरूआ : माझी. एवढी वर्षं वाट बघितली मी या दिवसाची... तेकुरा, तू हिला ‘धर’ म्हणालीस, त्याला किती वेळ झाला?

तेकुरा : असेल दोन-अडीच मिनिटं. का?

पुरूआ : आणि ‘सोड’ कधी म्हणालीस?

तेकुरा : ‘सोड’ कशाला म्हणायला हवं? माणूस आपोआप...

पुरूआ : माणूस सोडतो गं. ही सोडते का? सहाव्या वर्षापासून, होडीतून दोराला हिसका बसल्याशिवाय धरलेला श्वास सोडला नाही तिनं! छाती बघ, हलतेय का?

तेकुरा : आजी! सोड! सोड, सोड!

अकेवाई : हूऽऽऽ... काय आरडाओरडा आहे! अजून मिनिटभर सहज गेलं असतं.

तेकुरा : जीव गेला असता माझा! मला वाटलं तू...

अकेवाई : तूच ‘धर’ म्हणालीस. मी धरला. मधे बोलायचं कसं?

तेकुरा : दे हात. साठ... सहासष्ट. बघा, बोटं गरम व्हायला लागली! आजी, अगं, तोंडावर गार पाणी आणि कोंडलेला श्वास, शरीराला वाटलं तू लगूनमध्ये उतरलीस. म्हणून हृदयानं काम हळू केलं. हातापायांच्या नळ्या आवळल्या, आणि रक्त आत नेलं, हृदय, फुप्फुसं, मेंदू, जिथे लागतं तिथे. कुणाचंही होतं, पण तुझ्याइतकं नाही!

अकेवाई : ते ठाऊक आहे. खाली आधी बोटं बधिर होतात. हातात शिंपला आहे की दगड, कळत नाही. मग आत लांबवर ढोल वाजतो, सावकाश. रविवारी गावातली घरं बंद करून सगळे चर्चमध्ये जमतात, तसं वाटतं बघ. वर आलं की जो तो आपल्या घरी.

पुरूआ : आणि प्रार्थना लांबली की भूक लागते.

अकेवाई : पुरूआ, तू गप्प बसली असतीस तर उद्याची बुडी तुझी होती.

पुरूआ : होती. आणि तू काठावर बसून जन्मभर सांगत सुटली असतीस, माझं हृदय दुखत होतं म्हणून पुरूआला मिळाली. नको बाई. तुला खोल पाण्यात हरवीन, पण दवाखान्यात नाही.

तेकुरा : ही घे सही. पण माझी एक अट आहे.

पुरूआ : आली. शिकलेल्या पोरींची अट असतेच.

तेकुरा : बुडीआधी भराभर फुसफुस श्वास घ्यायचे नाहीत. त्यानं श्वास जास्त टिकल्यासारखा वाटतो आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो.

अकेवाई : ते तरणे करतात. मी दोनच घेते, सावकाश. पण दोर कोण धरेल? तीस वर्षं तेरिईनं धरला.

तेकुरा : मी धरते.

अकेवाई : तू? हिसका कधी द्यायचा, कळेल तुला?

तेकुरा : कळेल. आणि मी घड्याळ लावून मोजत बसेन.

अकेवाई : मोज. पण तू श्वास घेत राहा हं. तुझे आजोबा विसरायचे. मी खाली गेले की तेही वर श्वास धरून बसायचे. मी यायचे तोवर होडीत तेच निळे पडलेले.

तेकुरा : (हसत, डोळे पुसत) मग?

अकेवाई : मग काय, होडीच्या कडेला हात टाकायचा आणि म्हणायचं, “तेरिई, आले मी. सोड आता.”