पायावरचे टाके

सभेचे अध्यक्ष माननीय एकनाथराव, व्यासपीठावरील डॉक्टर प्रतापराव, सत्कारमूर्ती सिस्टर चतुराबाई, आणि नल्लकुंट्याहून ट्रॅफिकला शिव्या देत का होईना, वेळेवर पोहोचलेल्या बंधुभगिनींनो,

एकतीस वर्षं हृदयरुग्णांची शुश्रूषा करून चतुराबाई निवृत्त होत आहेत. मला गौरवाचे दोन शब्द बोलायला सांगितलंय. अध्यक्षमहाराज, दोनात भागणार नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्या यजमानांची, सुधीररावांची, बायपास झाली. समोरच बसलेत, डुलक्या घेताहेत, म्हणजे प्रकृती उत्तम. तिसऱ्या दिवशी चतुराबाई ड्रेसिंग करत होत्या. चादर सरकली आणि दिसलं काय? घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टाके! दुखणं हृदयाचं आणि चिरला पाय? मी वॉर्ड डोक्यावर घेतला.

चतुराबाई म्हणाल्या, "ओरडू नक्को बाई. दिलाच्या नसा तीन जागी बंद पडल्या होत्या. पायातली नस काढून तिथं बाजूनं नवा रस्ता केलाय. पायाचं काम बाकीच्या नसांवर चालतंय."

"मला शिकवू नका," मी म्हटलं, "आधी धड मराठी बोला!"

हो, हे मी बोलले. वर तिथेच बसून अस्खलित इंग्रजीत तक्रार लिहिली. माझ्या कॉन्व्हेंटच्या नन्सना अभिमान वाटला असता! चौकशी होईपर्यंत चतुराबाईंना वॉर्डातून काढून चादरी-उशांच्या स्टोअरमध्ये बसवलं. दोन महिने.

मग डॉक्टर प्रतापरावांनी मला संमतिपत्र दाखवलं. पायातून रक्तवाहिनी घेणार, असं स्वच्छ लिहिलेलं. इंग्रजीतच. खाली नातेवाईक म्हणून सही कुणाची? माझी. न वाचता केलेली.

लाज वाटली की माणूस माफी मागतो, असं वाटतं तुम्हाला? छे! तोंड चुकवतो. पुढे तपासणीला गेलो, तेव्हा चतुराबाईंनीच विचारलं, "साहेबांचा पाय सुजतो का?" मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. चार वर्षं तेच केलं.

चतुराबाई, तुमची मराठी धडच होती. माझे कान धड नव्हते. मी चुकले. हे त्याच वॉर्डात, सगळ्यांदेखत बोलायला हवं होतं.

संयोजकांनी मला इथे उभं केलं, त्यांची मी ऋणी आहे. भाषणात उणंअधिक झालं असेल, ते सभेने पोटात घालावं. बाकीचं पोटात घालायचं की नाही, ते चतुराबाई ठरवतील. कृपा करून टाळ्या वाजवून त्यांना भरीला घालू नका.