दुसरा फेरा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले माननीय व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते भट्टीखात्याचे मास्तर, पहिल्या रांगेतल्या वहिनी, आणि हा माणूस कधी खाली बसतो याची वाट पाहणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि चांगलंच बोलायला बजावलं आहे. साहेबांनी आत्ताच मास्तरांना कारखान्याचा आधारस्तंभ म्हटलं. हा आधारस्तंभ गेली दोन वर्षं स्टोअरमध्ये हातमोजे वाटत उभा होता, हे सांगायचं बहुधा वेळेअभावी राहिलं. ते मी सांगतो.

आपल्या डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, ज्या पोलादाच्या, त्यात कार्बन आणि क्रोमियम भरपूर. लाखो वेळा पत्रा कापला तरी झिजत नाही, पण स्वभावानं महाहट्टी. हजार अंशांच्या वर तापवायचं, तेही टप्प्याटप्प्यानं. मग निववायचं, आणि हाताला सोसेल इतकं कोमट असतानाच टेम्परिंगला, म्हणजे पुन्हा कमी आचेवर, घालायचं. तेही दोनदा. कारण पहिल्या फेऱ्यात पोलादाचा थोडा भाग बदलायचा राहतो. तो नंतर निवताना बदलतो आणि ठिसूळ होतो. दुसरा फेरा त्याला ताळ्यावर आणतो. मास्तर म्हणायचे, "पहिला फेरा आकड्यासाठी, दुसरा डायसाठी." हे कळायला पदवी लागत नाही. न कळायला मात्र लागत असावी.

साहेब नवे होते. त्यांनी विचारलं, पहिल्या फेऱ्यानंतरच कडकपणाचा आकडा हवा तेवढा, साठ, येतो, मग दुसरा कशाला? मास्तरांनी तीनदा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी मास्तरांनी हुकूम लेखी मागितला. साहेबांनी भट्टीजवळच्या फळ्यावर खडूनं लिहिला: दुसरं टेम्परिंग बंद. लेखी म्हणजे लेखीच, नाही का?

नवव्या दिवशी प्रेसमध्ये डाय उभी चिरली. एक तुकडा प्रेसवाल्याच्या कानाजवळून गेला. त्याचं दैव बलवत्तर. दुसऱ्या दिवशी फळा लख्ख पुसलेला. आपल्याकडे एवढी स्वच्छता मी नंतर कधी पाहिली नाही. आणि अहवाल आला: भट्टीचालकाचा निष्काळजीपणा. चोर सोडून संन्याशाला फाशी. तीस वर्षांच्या नोकरीवर तेवढी एक ओळ, आणि आज मास्तर ती घेऊन घरी निघालेत.

त्या अहवालावर दोन सह्या आहेत. एक साहेबांची. दुसरी कडकपणा तपासणाऱ्याची.

तपासणारा मी होतो. मी साठ मोजले होते आणि आकडा खरा होता, एवढ्यावर मी मनाची समजूत घातली. बढतीची यादी लागायची होती, हेही सांगून टाकतो. मास्तरांनी मला एवढंच विचारलं, "तू तरी फळा वाचला होतास ना?" मी खाली पाहिलं. त्यानंतर दर सोमवारी ते माझ्या मापाचे हातमोजे शोधून द्यायचे, मुकाट्यानं. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या. लाज वाटायची मला, अजून वाटते.

पुढे काय झालं? दुसरा फेरा गुपचूप सुरू झाला. त्याचं नाव 'सुधारित पद्धत'. ती शोधून काढल्याबद्दल साहेबांना प्रशस्तिपत्रही मिळालं. ते त्यांच्या खोलीत, खुर्चीच्या मागे, जरा वाकडं टांगलेलं आहे.

हा माझ्या हातातला कागद म्हणजे नवा अहवाल. फळ्यावर काय लिहिलं होतं, कुणी लिहिलं होतं आणि कोण गप्प बसलं, सगळं यात आहे. माझी सही झाली आहे. साहेब, शेजारची जागा तुमच्यासाठी ठेवली आहे. पेन हे घ्या. नाही केलीत तरी कागद उद्या मुख्य कार्यालयात जाणारच आहे, तेव्हा सावकाश विचार करा.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. तो जुना अहवाल मात्र पोटात घालू नका.

मास्तर, मी फळा वाचला होता.