बाहेरून कुलूप

कोर्टाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक वकील आणि कपडे शिवायच्या कारखान्यातली बाई बोलत होते.

"मावशी, मालकाचं दार फोडलंत, एवढाच किरकोळ गुन्हा. 'चूक झाली' म्हणा, दंड भरा, मोकळ्या व्हा."

"चूक कसली? आत धूर, चाळीस बायका, आणि दाराला बाहेरून कुलूप. हातात इस्त्री होती, तीच घातली दारावर."

"खरंय."

"मग कुलूप लावणाऱ्याचं काय?"

"कुणी मेलं असतं, तर त्याच्यावर गंभीर गुन्हा लागला असता."

"म्हणजे मी दार फोडलं म्हणून तो वाचला!"

"तसंच म्हणा. चला, पुकारा झाला. आत नीट बोला हं."

"नीटच बोलणार. जप्त केलेली इस्त्री परत मागणार. त्यानं कालच नवं कुलूप आणलंय."