रसदवाल्यांची नसीमा

बसा मंडळी. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत.

कुणी शिफ्ट बदलून आलात, कुणी मुलांना घेऊन आलात. शौकतभाई, लेक सना, आणि बहिणीच्या मय्यतीला दापोलीकडून आलेले इक्बालभाई, तुमच्यासमोर काय बोलू ते मला कळत नाहीये. मी आग्नेल, वसईचा. हॉटेलच्या किचनसाठी खरेदी बघतो. दिवसभर भाजीवाल्यांशी हुज्जत घालणारा माणूस. नसीमाताई इथे बहरीनला, नईम भागात, आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या, म्हणून त्यांचे यजमान शौकतभाई म्हणाले, तुम्हीच बोला. मी हो म्हटलं. आता इथे उभा राहिल्यावर वाटतंय, नको म्हणायला हवं होतं.

कारण मला अजून पटत नाही. त्या दिवशी सकाळी त्या मला जिन्यात भेटल्या होत्या. हातात शाळेची बॅग. म्हणाल्या, "आग्नेलभाऊ, संध्याकाळी घरी या, तुम्हाला एक विचारायचंय." मी म्हटलं, "येतो." एवढंच. दुपारी मी गोडाऊनमध्ये होतो. आमच्या किचनमध्ये 'खलास' हा शब्द दिवसातून शंभरदा येतो. टोमॅटो खलास, गॅस खलास, ड्यूटी खलास. फोन वाजला. शौकतभाई होते. म्हणाले, "आग्नेलभाऊ, नसीमा खलास." मी विचारलं, "काय खलास?" खरंच विचारलं. मला वाक्यच समजलं नाही. वर्गात शिकवता शिकवता त्या खुर्चीत बसल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. हृदय बंद पडलं. ना कधी आजार, ना कसली तक्रार. मला अजून पटत नाही.

त्यांना काय विचारायचं होतं, ते राहूनच गेलं.

बहुतेक रसदीचंच काहीतरी असणार. तुमच्यापैकी पुष्कळांना त्या इतिहासाच्या बाई म्हणून माहीत आहेत. त्यांनी आपल्या मराठी वर्गाच्या मुलांना इथल्या अरादच्या किनाऱ्यावर नेलं होतं, मीही गेलो होतो सँडविच घेऊन. समुद्राकडे बोट करून त्या म्हणाल्या, "पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हिंदुस्थानातून फौज बसऱ्याला पाठवली. जाताना ती जहाजं इथे बहरीनच्या समुद्रात हुकमाची वाट बघत थांबली होती." एका मुलाने विचारलं, "वॉज देअर अ बॅटल, मिस?" त्या म्हणाल्या, "नाही रे. पण माणसं होती, खेचरं होती. त्यांना रोज खायला काय दिलं असेल? पाणी कुठून आणलं असेल?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "आग्नेलभाऊंना विचारा. यांच्या हॉटेलला एक दिवस माल आला नाही तर काय होतं?"

मी मुलांना सांगितलं काय होतं ते. पाहुण्यांना कळतही नाही. पाहुण्यांचं ताट भरलेलंच असतं. कमी पडतं ते आधी स्टाफच्या जेवणात.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्या संध्याकाळी त्यांनी मला त्यांच्या घराण्याची गोष्ट सांगितली. ती आज तुम्हाला सांगतो. इक्बालभाईंना मी काल विचारलं. ते म्हणाले, सांगा.

नसीमाताईंचे पणजोबा त्या फौजेच्या रसद खात्यात मुकादम होते. बोटींवर धान्य चढवायचं, उतरवायचं, माणसांना शिधा मोजून द्यायचा, हे त्यांचं काम. लढाईनंतर ते गावी परतले ते मान घेऊन आणि एक भलीमोठी तांब्याची देग घेऊन. तेव्हापासून घराण्याला नावच पडलं, रसदवाले. गावात कुणाचंही लग्न असो, जेवण त्या देगेत शिजायचं. लहानपणी नसीमाताईंना केवढा अभिमान होता त्याचा. फक्त खालच्या वाडीतलं एक घर त्या देगेतलं खायचं नाही. का, असं विचारलं की मोठी माणसं म्हणायची, जुनं भांडण आहे, तू खेळायला जा.

काही वर्षांपूर्वी त्या सुट्टीवर गेल्या आणि सरळ त्या घरात जाऊन बसल्या. तिथे खातिजाबी म्हणून म्हाताऱ्या बाई आहेत. नसीमाताईंनी विचारलं, "चाची, तुम्ही आमच्याकडचं जेवत का नाही?" खातिजाबी म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं नाही?"

मग त्यांनी सांगितलं. खातिजाबींचे आजोबा दाऊद आणि आजोबांचा धाकटा भाऊ हुसेन. या दोघांना पणजोबांनीच नेलं होतं. सांगितलं काय, तर बहरीनला जायचं, सामान उतरवायचं, हंगाम संपला की परत. बहरीन आलं. जहाजातून किनारा दिसला, पण कुणाला उतरू दिलं नाही. जहाज पुढे निघालं. बसरा, आणि तिथून नदीने वर, लढाईत. थंडी, चिखल, मागून धान्याच्या बोटी वेळेवर येईनात. तेव्हा वरून हुकूम आला, शिधा कमी करा. शिपायाचा थोडा कमी. हमालांचा त्याहून कमी. आणि तो शिधा मोजणारा कोण? त्यांच्याच गावचा माणूस. हुसेन आजारी पडला. दाऊदने पणजोबांचे पाय धरले, "मूठभर तांदूळ जास्त द्या, पेज करून घालतो." पणजोबा म्हणाले, "हुकूम नाही." शिपायांसाठी राखलेल्या तांदळाच्या बोटीवर तो पोरगा उपाशी गेला.

मंडळी, मी माल मोजणारा माणूस आहे. हे ऐकून मी त्या दिवशी जेवलो नाही.

मी नसीमाताईंना म्हटलं, "तुमचे पणजोबा तरी काय करणार? हुकूम इंग्रजांचा." त्या म्हणाल्या, "हुकूम इंग्रजांचा होता, हात आमचा होता." मी म्हटलं, "आता काय करणार?" म्हणाल्या, "सांगणार. आमच्या लोकांना सांगणार."

गेल्या हिवाळ्यात इक्बालभाईंच्या मुलीचं लग्न होतं. ताई हे त्या लग्नात सांगणार असं इक्बालभाईंना कळलं तेव्हा त्यांनी फोनवर हात जोडले. "आपा, माझ्या पोरीच्या लग्नात नको. मेलेल्या माणसाला कशाला उठवतेस?" बापाचं मन आहे, चूक काय त्यात? शौकतभाईंनीही समजावलं. मीही म्हटलं, "ताई, लग्न होऊन जाऊ द्या." त्या म्हणाल्या, "आग्नेलभाऊ, सगळा गाव एकत्र जेवायला बसतो तो लग्नातच."

आणि त्यांनी ते केलं. निकाह झाला, देगेवरचं झाकण काढलं, माणसं बसली. तेव्हा त्या उभ्या राहिल्या. फार बोलल्या नाहीत, सना सांगते. ती तिथे होती. म्हणाल्या, या देगेचा आपल्याला अभिमान आहे. पण हिच्या मालकाने आपल्याच गावच्या दोन पोरांना खोटं सांगून नेलं आणि एकाला उपाशी मरताना बघितलं. त्यांची नावं दाऊद आणि हुसेन. मला एवढंच सांगायचं होतं, आता जेवा.

कोण जेवणार? काही माणसं उठून गेली. नवरीच्या डोळ्यांत पाणी. इक्बालभाईंनी बहिणीशी बोलणं टाकलं. त्या रात्री सना आईला म्हणाली, "मम्मी, व्हाय डिड यू हॅव टू?" दुसऱ्या दिवशी त्या खातिजाबींकडे गेल्या. खातिजाबींनी दार उघडलं, पाणी दिलं, पण बोलल्या नाहीत. नसीमाताई तशाच परत आल्या. बहरीनला आल्यावर मला म्हणाल्या, "मी चुकले का हो?" मला आजही सांगता येत नाही. लग्न मोडलं नाही, पण भावाबहिणीचं बोलणं तुटलं. दर शुक्रवारी त्या इक्बालभाईंना फोन लावायच्या. तो वाजून वाजून बंद व्हायचा.

आणि अचानक हे. तुम्ही म्हणाल, आयुष्याचं काय सांगता येतं. पण आपण सगळे इथे 'पुढच्या सुट्टीत' म्हणून जगतो ना? पुढच्या सुट्टीत घर बांधू, पुढच्या सुट्टीत भावाला भेटू. त्यांचीही पुढची सुट्टी ठरलेली होती.

काल दफनभूमीतून परत येताना इक्बालभाई गाडीत माझ्या शेजारी होते. मग त्यांनी सांगितलं. आपाची खबर गावी पोचली त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. गावात मय्यतीच्या घरी शेजारीपाजारी जेवण पाठवतात. संध्याकाळी दार वाजलं. खातिजाबी स्वतः आल्या होत्या, नातवाचा हात धरून. नातवाच्या डोक्यावर पातेलं. वरण-भात होता. इतक्या वर्षांत त्या घरातलं कुणी या घराचा उंबरा चढलं नव्हतं. खातिजाबी आत आल्या, स्वतःच्या हाताने इक्बालभाईंना वाढलं आणि म्हणाल्या, "जेव. तिने आमच्या हुसेनचं नाव घेतलं."

इक्बालभाई म्हणाले, "आग्नेलभाऊ, मी जेवलो. पण हे मी कुणाला फोन करून सांगू?"

 

मंडळी, मी इथेच थांबतो. बहरीनच्या मातीत आपलं एक माणूस ठेवून आपण आज घरी जाणार आहोत. त्याआधी जरा उभे राहूया. ज्याला फातिहा पढायची त्याने पढावी, ज्याला क्रूसाची खूण करायची त्याने करावी, ज्याला नुसते हात जोडायचेत त्याने जोडावे. मोबाईल बंद करा. सना, बाळा, तू बसून राहिलीस तरी चालेल.

नसीमाताई, सलाम.